दिलबरच्या दाढा

आमच्या घरात घोड्याचं तोंड एकदाच उघडायचं, ज्या दिवशी तो विकत घेतला त्या दिवशी. बाजारात भर उन्हात उभं राहून खालचा ओठ ओढायचा, जीभ बाजूला धरायची, पुढचे दात पाहून वय ठरवायचं, हातावर हात मारायचा, आणि मग ते तोंड कायमचं मिटलं असं समजायचं. त्यानंतर लगाम घालताना अंगठ्याने ओठाचा कोपरा दाबायचा, तेवढाच काय तो स्पर्श. पुन्हा कुणी दात पाहिले तर त्याचा अर्थ एकच, घोडा विकायला काढला. आपल्या दारातल्या घोड्याचं तोंड उघडणं म्हणजे घरची मुलगी परक्यांसमोर उभी करणं, असं माझा बाबा म्हणायचा. मुलगी परक्यांसमोर उभी करायला त्याला पुढे काही वाटलं नाही, पण ते निराळं प्रकरण आहे. मी बाबाला अरेतुरे करते याचं माझ्या शहरातल्या सुनेला फार नवल वाटतं. आमच्याकडे बापाला असंच बोलतात, त्यात अनादर नसतो. माझ्या बोलण्यात कुणाला तो ऐकू आला, तर त्याचं कारण भाषेत शोधू नये.

आमचं गाव वसईकडचं, कामणच्या अलीकडे, खाडीच्या बांधाला लागून. पावसाळ्यात भात, तो कापून झाला की पुरुष मिठागरांवर, बायका खाडीत खेकडे, म्हणजे आमच्या चिंबोऱ्या, नि कोळंबीच्या मागे. घर कौलारू, पुढे सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला गोठा, आणि गोठ्याला लागून कुडाची एक उंच पडवी, ती घोड्याची. गावात गुरं सगळ्यांकडे होती, घोडा फक्त आमच्याकडे. तो शेतीच्या कामाचा नव्हे, लग्नाचा. खाडीकाठच्या पाचदहा गावांतला नवरदेव आमच्याच घोड्यावर बसायचा. कधी सांडोरच्या ख्रिस्ती वाड्यांमधूनही बोलावणं यायचं, मग बाबा येताना केळीचा घड घेऊन यायचा आणि घरात दोन दिवस पिकल्या केळ्यांचा वास राहायचा. पण बाबाचा खरा मान घोड्यामुळे नव्हता, घोड्याच्या दातांमुळे होता. ज्याला कुणाला टांग्यासाठी, लग्नासाठी घोडा घ्यायचा असेल तो बाबाला बाजारात घेऊन जायचा. बाबा ओठ ओढून एकदा आत बघायचा आणि वय सांगायचा. तो सांगेल ते वय. व्यापारी त्याच्याशी वाद घालत नसत. गावात त्याला नावाने कुणी हाक मारीत नसे, घोरापारखी म्हणत, आणि ती हाक ऐकली की बाबाची मान जराशी वर व्हायची. ती मान आईने आणि मी आयुष्यभर सांभाळली.

दिलबर आमच्याकडे आला तेव्हा मी सातवीत होते. हे नाव त्याच्या आधीच्या मालकाने ठेवलेलं. आजूबाजूच्या बायकांना ते चारचौघांत उच्चारायला लाज वाटायची, म्हणून त्या त्याला नुसतं पांढऱ्या म्हणत. आणि होताच तो तसा. कानाच्या टोकापासून खुरापर्यंत एक काळा केस नाही. अंगणात उभा राहिला की गोठ्यातली आमची बैलजोडी एकदम मळकट दिसायला लागायची. बाबाने बाजारात त्याचं तोंड बघून सात वर्षांचा सांगितला होता. असा निखळ पांढरा, तोही ऐन जवानीतला, फार नशिबाने मिळतो असं तो येईल त्याला सांगे. लोक मान डोलवायचे.

त्याची सगळी निगा माझ्याकडे आली. माझा मोठा भाऊ जनार्दन, त्याला आम्ही जना म्हणायचो, घोड्यावर बसायला पुढे आणि लीद काढायला मागे. सकाळी शाळेच्या आधी मी खरारा करायची. लोखंडी खरारा फक्त मांसल भागावर, गोल गोल फिरवायचा म्हणजे सुटलेले केस नि धूळ वर येते. मग ब्रश, केसांच्या दिशेने. पाय नि तोंड ओल्या फडक्याने, कारण तिथे हाडावर कातडं पातळ असतं आणि लोखंड लागलं की जनावर दुखावतं. खूर उचलून आकडीने त्यातली माती नि खडे काढायचे, खुराच्या मधल्या मऊ भागाला धक्का न लावता. लग्नाच्या आदल्या दिवशी शेपटी रिठ्याने धुवायची आणि कपड्यांची नीळ पाण्यात कालवून तिला लावायची म्हणजे पिवळेपणा जातो. आयाळीला खोबरेल, खुरांना खोबरेल. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. बाबा ओरडायचा, त्यातून शिकले. पण खोटं कशाला बोलू, ती सकाळची वेळ मला सगळ्यात प्रिय होती. दिलबर मान खाली आणून कपाळ माझ्या खांद्याला टेकवायचा आणि श्वास सोडायचा. घरात माझ्यावर असा भार टाकून निश्चिंत होणारं दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या चावण्याचा आवाज यायचा. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, शेजारी सुकटीचं कालवण, आणि कुडापलीकडे दिलबर गवत खातोय. संथ, एकसारखा, दाढेवर दाढ फिरण्याचा आवाज. घोड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा आवाज घड्याळाच्या टिकटिकीसारखा असतो, चालू असताना ऐकू येत नाही. त्याच्या तिसऱ्या का चौथ्या पावसाळ्यानंतर तो आवाज बिघडला. दोन घास चावायचा आणि थांबायचा. मग एका बाजूने, मान वाकडी करून चावायचा. त्यात एक ओला, चुबुकचुबुक आवाज यायचा. सकाळी गव्हाणीखाली गवताचे ओले बोळे पडलेले दिसायचे, अर्धवट चावून बाहेर टाकलेले. लिदीत भिजवलेले चणे अख्खेच्या अख्खे यायला लागले. खरारा करताना बरगड्या हाताला लागू लागल्या, डोळ्यांवरचे खळगे खोल गेले. तोंडाला वास यायचा, सडक्या पाण्यासारखा. मी बाबाला सांगितलं. एकदा नव्हे, रोज.

"बाबा, त्याचे तोंडान काय तरी हाय. तो चावत नाय. एकदा बग ना."

"नजर लागली हाय त्याला," बाबा म्हणाला. "येवढा पांढरा घोरा, कोनाची लागनार नाय?"

मग मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, पायाला काळा दोरा झाला, कपाळावर काजळाचं बोट झालं. चंदी, म्हणजे त्याचा दाण्याचा खुराक, वाढवली. जे चणे त्याला चावता येत नव्हते तेच चणे दुप्पट घातले, ते दुप्पट लिदीत आले. मी चोरून पिकलेली केळी कुस्करून त्याला भरवायची. तेवढंच तो न थांबता गिळायचा.

परवा माझ्या नातवाने फोनवर एक चित्रफीत दाखवली. कुठल्या तरी देशात घोड्यांच्या दातांचा वेगळा डॉक्टर असतो. घोड्याला गुंगीचं औषध देऊन, तोंडात लोखंडी चौकट बसवून, कपाळाला दिवा लावून तो एकेक दाढ तपासत होता. म्हाताऱ्या घोड्यांचं तोंड वर्षातून दोनदा बघावं, असं तो सांगत होता. नातू म्हणाला, आजी, बघ किती भारी. मी म्हटलं, बंद कर. आता मी राहते तिथे, आचोळ्यात, आमच्या इमारतीच्या खालीच दाताचा दवाखाना आहे. माझी कवळी सैल झाली की मी चप्पल घालून खाली जाते आणि पंधरा मिनिटांत वर येते. दोन जिने उतरण्याइतकी सोपी गोष्ट होती ती, हे मला आता कळतं, आणि कळलं की संताप येतो.

जनाचं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न झाल्यावरची तिथी. आजवर दुसऱ्यांची पोरं मिरवली, आता आपला मुलगा आपल्या घोड्यावर बसणार, याचं बाबाला काय वाटत होतं ते मी समजू शकते. तेवढ्यात गावात जनावरांचे सरकारी डॉक्टर आले, गुरांना लस टोचायला. स्कूटरवरून आलेला तरुण माणूस, घाटावरच्या बोलीचा. बाबा मिठागरावर गेला होता. आमच्या बैलांना टोचून ते निघाले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आमचा घोडा खात नाही. गवताचे बोळे टाकतो."

ते थांबले. "बोळे टाकतो? मग दाढा असणार. धर त्याला."

मी दोरी धरली. त्यांनी बाजूने, दात नसलेल्या मोकळ्या जागेतून हात आत घातला, जीभ धरून एका बाजूला ओढली आणि वाकून आत पाहिलं. मग मलाही बोलावलं, "इकडून बघ." गालाच्या आतल्या बाजूला लांब, लालभडक जखम होती, वरच्या दाढांच्या कडांनी कापलेली. डॉक्टरांनी सांगितलं की घोड्याच्या दाढा म्हातारपणापर्यंत वर येत राहतात आणि चावून चावून झिजतात. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड झिजत नाही, तिला धार येते. ती कानशीने घासावी लागते. एक दाढ हलत होती, वास तिचा होता. "याची उपासमार चाललीय," ते म्हणाले. "भरल्या गव्हाणीपुढे. वय काय म्हणालीस?"

"आणला तेव्हा सात होतं. आता दहा-अकरा."

ते हसले. त्यांनी पुढचे दात बोटाने दाखवले. दात लांब, पुढे झुकलेले, आणि त्यांवर काळे खळगे. असे खळगे वयाबरोबर झिजून जातात, हे मात्र तापल्या सळईने पाडलेले होते, घोडा तरुण दिसावा म्हणून. "हा विशीच्या वरचा आहे. आणि असा पांढराशुभ्र घोडा जवान कसा असेल? हे घोडे जन्मतात काळपट, करड्या रंगाचे. वर्षं जातात तसे पांढरे होत जातात." मी दिलबरकडे पाहिलं. सगळं गाव ज्या पांढऱ्या रंगावर खूश होतं, तो त्याच्या म्हातारपणाचा रंग होता. ज्याची पारख चार गावं मानत होती त्याच्या दारात तो रोज उभा होता.

आणि तेवढ्यात बाबा आला. खांद्यावर फावडं, पाय मिठाच्या चिखलाने पोटऱ्यांपर्यंत पांढरे. त्याने घोड्याचं उघडं तोंड पाहिलं, डॉक्टरांचा आत गेलेला हात पाहिला, आणि फावडं हळूच भिंतीला टेकवून ठेवलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या हातातून दोरी घेतली आणि घोड्याची मान आपल्याकडे वळवली.

"साहेब, घोरा इकाचा नाय," तो म्हणाला.

"विकायचं कोण म्हणतंय? दाढा वाढल्यात त्याच्या. गाल फाटलाय आतून. मी पुढच्या आठवड्यात कानस घेऊन येतो, तासाभराचं काम आहे."

"मंग तोंड कशाला उघडलाव?"

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, वयाचंही बोलले. बाबा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आमचे घोऱ्याचं वय आमाला म्हाइत हाय. तुमी बैलं टोचलाव, झालं." डॉक्टर माझ्याकडे बघून स्कूटरवर बसले. ते दिसेनासे झाल्यावर बाबाने मला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, "परत कोनाला त्याचं तोंड दाकवलंस, तर तुजं तोंड बगनार नाय."

दुपारी मी आईला सगळं सांगितलं. ती निवट्या साफ करत होती. निवट्या म्हणजे आमच्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. तिचे हात चालूच राहिले. "त्याला म्हाइत हाय," ती म्हणाली.

"काय म्हाइत हाय?"

"त्याचं वय. घोरा आनला ना, त्याचे दोन-चार दिसान समाजलं त्याला. पहाटचा उटून पडवीन गेला, दात बगलान, आनी तितंच खाली बसून रायला. बाजारान गर्दी होती, व्यापारी बोलबोल बोलत होता, फसला तो." मग तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. "आता तू कानस मारशील, त गाव इचारील, जवान घोऱ्याला कानस कशाला? मंग तुज्या बापाला कोन बाजारान नेल घोरा बगाला?"

"आनी दिलबर मेला त?"

"मरल त मरल," आई म्हणाली. "जनावर हाय ते." ती निर्दय नव्हती. उन्हाळ्यात कावळ्यांसाठी कौलावर पाणी ठेवणारी बाई ती. पण नवऱ्याची मान आणि घोड्याचं तोंड यांतलं काय वाचवायचं, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि मला त्या दोघांचा सारखाच राग आला. आजही येतो. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही, नीट लावलेल्या दह्यासारखा घट्ट झाला.

लग्नापर्यंत जे दिवस होते त्यांत बाबाने एक युक्ती काढली. मखमलीची मोठी झूल शिवून घेतली, गुडघ्यांपर्यंत येणारी, जरीच्या किनारीची. तिच्याखाली बरगड्या झाकल्या. मानेवर फुलांची जाळी टाकली, डोळ्यांवरचे खळगे गोंड्यांनी झाकले. उरलेलं जे दिसत होतं, तोंड, पाय, शेपटी, ते चमकवायचं काम माझं. मी केलं. का केलं असं मला कुणी विचारू नये. ज्याला खायला घालता येत नाही त्याला निदान स्वच्छ तरी ठेवावं, एवढंच माझ्या हातात होतं. वरातीच्या दिवशी लोक म्हणाले, काय तजेला आहे घोड्यावर. धवलारीण, म्हणजे आमच्याकडे लग्नात गाणी म्हणून विधी करणारी म्हातारी, तिनेही गाण्यात घोड्याच्या पांढऱ्या रंगाची एक ओळ जोडली.

नवरीचं गाव खाडीच्या पलीकडच्या अंगाला. तिथली रीत अशी की वरात दारात आली की नवरीची आई आधी घोड्याच्या पायांवर पाणी घालते, त्याला ओवाळते आणि ताटातले भिजवलेले चणे नि गूळ आपल्या हाताने भरवते. नवरदेवाचा मान त्याच्यानंतर. घोड्याने तो घास खाल्ला म्हणजे वरात राजी आहे. मला ही रीत ठाऊक होती, बाबाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. मी त्याला आदल्या दिवशी म्हटलंही होतं की चण्यांऐवजी केळं ठेवायला सांगू. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या बाईने मूठभर चणे पुढे केले. भुकेला जीव तो, त्याने घेतले. एकदा चावलं, मान वाकडी केली, पुन्हा चावलं, आणि सगळा घास ओवाळणीच्या ताटात पडला. चणे, गूळ, लाळ आणि त्यात रक्ताचा धागा. निरांजन विझलं. बाजा वाजवणारे थांबले.

बायका कुजबुजायला लागल्या. तेवढ्यात नवरीचा मामा पुढे आला, वसईला टांगा हाकणारा माणूस, घोड्यांत आयुष्य गेलेलं. "थांबा, थांबा," म्हणत त्याने सगळ्यांसमोर दिलबरचा ओठ ओढला, गालात बोट घालून पाहिलं आणि दोन्ही हात झटकले. बाबा पलीकडे फेटा बांधून उभा होता. मामा हसत त्याला म्हणाला, "अवं व्याही, यो त आपल्या जोडीचा हाय. याला वर बसवा, आनी नवऱ्याला चालवा."

सगळा मांडव हसला. चेष्टाच होती ती, लग्नातली. पण घोरापारख्याच्या घोड्याचं वय भर मांडवात दुसऱ्याने सांगितलं होतं, आणि ते सगळ्यांना समजलं होतं. बाबाही हसला. ते हसू मला अजून दिसतं, फेट्याखाली, ओठांपुरतं. त्या दिवसानंतर त्याला बाजारात न्यायला कुणी आलं नाही.

लपवायचं आता काही उरलंच नव्हतं. मांडव उतरला, पाहुणे गेले, आणि एका सकाळी बाबा मला म्हणाला, "तुजे त्या डॉक्टरला बोलव." एवढंच. डॉक्टर आले, लांब दांड्याची कानस, लाकडाची पाचर आणि लाल औषधाचं पाणी घेऊन. पाचर एका बाजूच्या दाढांत ठेवली की तोंड उघडं राहतं. मी जीभ बाजूला धरली होती, गरम, जड, खरखरीत. कानस आत फिरायला लागली तेव्हा दगडावर कोयता घासल्यासारखा आवाज घुमला. दिलबर थरथरला, मग हळूहळू उभ्या उभ्या सैल पडला. हलती दाढ चिमट्याने सहज निघाली. ती माझ्या बोटाएवढी लांब होती, हे मला खरं वाटेना. मग डॉक्टरांनी माझी बोटं दाढांच्या कडेवरून फिरवून दाखवली, इथे धार होती, आता नाही. गवत बोटभर कापून घाल, चणे भरडून भिजव, कोंड्याची पातळ पेज दे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तोंडात बघत जा, असं त्यांनी मला सांगितलं. सहा-आठ महिन्यांत पुन्हा धार येईल, तेव्हा बोलाव म्हणाले.

त्यानंतरचे काही महिने माझ्या तरुणपणातले सगळ्यात चांगले होते. मी विळ्यावर गवत कापायची, भरडा भिजवायची, पेज कोमट करून त्यात मिठाचा खडा टाकायची. पहिल्या आठवड्यात बोळे कमी झाले, मग थांबले. संध्याकाळी कुडापलीकडून तो जुना आवाज परत आला, एकसारखा, दोन्ही बाजूंनी. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी भाकरी थापायची थांबले आणि आई म्हणाली, तवा जळतोय. बरगड्या बुजल्या. जुने केस गळून नवे आले, आणि खोबरेल न लावता अंग चमकायला लागलं. निगा निगा म्हणतात ती अंगावरून कमी आणि तोंडातून जास्त होते, हे तेव्हा मला कळलं. मी जिंकले होते. सतराव्या-अठराव्या वर्षी माणसाला असं वाटतं की जिंकलेलं आपल्याजवळ राहतं.

बाबा मात्र पडवीकडे फिरकेनासा झाला. येणाराजाणारा अंगणात घोडा बघून गालातल्या गालात हसे, निदान बाबाला तसं वाटे. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एक दिवस चिंचोटीकडचा एक माणूस आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. धबधब्यावर पावसात गर्दी लोटते, तिथे पोरांना घोड्यावरून फिरवायचा त्याचा धंदा. मी शाळेतून आले तर बाबा त्याच्यासमोर दिलबरचा ओठ आपल्या हाताने ओढून उभा होता. इतक्या वर्षांत प्रथमच मी बाबाला दिवसाउजेडी आमच्या घोड्याचं तोंड उघडताना पाहिलं.

"धा वर्सांचा," बाबा सांगत होता. "दात बगा ना."

"खोटं हाय," मी म्हटलं. दप्तर अजून खांद्यावर होतं. "विसाचे वरचा हाय तो. दातांवरचं डाग सळईचं हायेत. डॉक्टरला इचारा."

बाबाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो माणूस हसला. "ए मुली, मला काय याला रेसमध्ये पळवायचाय? बच्चे लोक बसवायचे. म्हातारा असला तर उलट बेस्ट, लाथ नाय मारत. खातो ना बरोबर? तब्येत तर मस्त दिसते." त्याने दिलबरच्या भरलेल्या पुठ्ठ्यावर थाप मारली. माझ्या खऱ्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. मग मी त्याला सांगू लागले, गवत कापून घालायचं, चणे भरडायचे, पावसाळा संपताना दाढा परत घासायच्या, न विसरता. तो हो हो म्हणत होता आणि जीन कुठवर येईल ते वितीने मोजत होता. दिलबर बांधाच्या वाटेने गेला. पुढच्यावर विश्वास ठेवून चालायची सवय त्याला, त्याने मागे वळून पाहिलं नाही.

पुढचं लांबवण्यासारखं काही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तो तिकडेच आडवा झाला, असं त्याच डॉक्टरांकडून कळलं. त्याची नुसती हाडं नि कातडं उरली होती, आणि दाढांना कुणी हात लावला नव्हता. तोवर माझं लग्न करून टाकलं होतं. धबधबा बघायला मुंबईहून माणसं येतात. मी घरापासून इतक्या जवळ असून तो कधी पाहिला नाही आणि पाहणारही नाही.

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. पडवी रिकामी होती आणि आम्ही जेवायला बसलो होतो. चिंबोरीचं कालवण होतं. मी घास चिवडत होते. बाबा नेहमीसारखा जेवत होता, त्या दिवशी तर जरा सावकाश, माणूस हलका झाल्यावर जेवतो तसा. मला वाटलं होतं, परक्यासमोर त्याला खोटा पाडला म्हणून आता मार बसेल. मनातून मला तो हवाही होता. मार बसला असता तर कुणी तरी चुकलंय हे तरी ठरलं असतं. बाबाने चिंबोरीची नांगी दाताखाली फोडली, आतलं मांस काढलं आणि माझ्या ताटात ठेवलं. लहानपणी ठेवायचा तसं.

"तुजे हाताला यश हाय, बाय," तो म्हणाला. "खात नवता तवा त्याला कोन बगत पन नवता. तू त्याला खाता केलास, म्हनून त गिऱ्हाईक आला. नायतर तो याच दारान मेला असता."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो मला शाबासकी देत होता. आई मान खाली घालून भात कालवत राहिली. याच दारात, माझ्या खांद्याला कपाळ टेकवून मेला असता. बाबाचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि बाबाने माझ्याशी केलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये तेवढी एकच मी त्याला माफ केलेली नाही.